नाव गावाकडे, मूल फडात

निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. कृष्णाकाठी त्या दिवसांत उतरलेले धुके नऊ वाजले तरी हलत नाही. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पायरीवर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बसून होती. अंगात मोठ्या माणसाचा स्वेटर, पाय अनवाणी आणि मांडीवर दहा-अकरा महिन्यांचे पोर. पोराला दोन दिवसांपासून सर्दी-ताप होता. आई-बाप पहाटेच ऊसतोडीला गेलेले. तेव्हा ही भावाला कडेवर घेऊन कोप्यांपासून दोन किलोमीटर चालत आली होती. मी पोराला तपासले, औषध दिले आणि सवयीने लसीकरणाचे कार्ड मागितले. तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कार्ड पुढे केले. घडीवर फाटलेले, पण जिवापाड जपलेले. वर बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्राचे नाव. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींच्या तारखा नीट भरलेल्या. नवव्या महिन्याचे, गोवर-रुबेलाचे घर मात्र कोरे. नववा महिना भरला तेव्हा टोळी गाव सोडून निघाली होती.

“हे इंजेक्शन का राहिलं गं?”

“आमी इकडं आलो ना, बाई.”

“मग इथं का नाही घेतलं?”

“आमचं नाव गावाकडं हाय.”

शाळेत जातेस का, असे विचारले तेव्हाही तेच उत्तर आले. “नाव हाय की. चौथीत. गावाकडं.”

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून माझी नोकरी झाली. तीस वर्षांत हे वाक्य किती मुलांच्या आणि किती आयांच्या तोंडून ऐकले असेल, त्याची गणती नाही. सुरुवातीला मला ती एक सबब वाटे. पुढे हळूहळू लक्षात आले, की ही सबब नाही, हे तर आपल्या धोरणाचे अचूक वर्णन आहे. आपल्या बहुतेक कल्याणकारी योजना नावाला बांधलेल्या असतात आणि नाव गावाला. मूल मात्र आईला बांधलेले असते. ऑक्टोबरात आई गाव सोडते, मूल तिच्याबरोबर निघते आणि नाव मागे राहते. पुढचे पाच-सहा महिने ते मूल असते. फक्त कुठल्या वहीत नसते.

कोयत्याचा हिशेब

दसरा-दिवाळीच्या सुमारास रस्त्यांवर दिसणारे दृश्य आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, सरपण, एखादी शेळी, डालग्यात कोंबड्या आणि त्या पसाऱ्यावर बसलेली म्हातारी माणसे नि पोरे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून लाखो माणसे दरसाल अशी निघतात. भुईंज, शेंद्रे, कराड, रेठरे, साखराळे, वाळवा, कुंडल, सांगली अशी कारखान्यांची रांगच आपल्या दोन जिल्ह्यांत आहे. या कारखान्यांची धुराडी पेटली, की माळावर, ओढ्याच्या काठी, गावाच्या कडेला उसाच्या पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्या उभ्या राहतात. ही माणसे परजिल्ह्यांतलीच असतात, असेही नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातून तोडीला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. म्हणजे एकच जिल्हा मजूर आणतोही आणि पाठवतोही.

या धंद्यातले मोजमापाचे एकक माणूस नाही, कोयता आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो आणि ती फेडेपर्यंत कोयता त्याला बांधलेला. एक दिवस खाडा झाला, तर दंड. या हिशेबात तान्ह्या मुलाला जागा नाही. उलट मुलाला ताप आला आणि आई कोपीत थांबली, तर त्याची किंमत चुकवावी लागते. आई मुलाला दवाखान्यात का आणत नाही, याचे उत्तर तिच्या अडाणीपणात शोधण्याची आपल्याला सवय आहे. ते उत्तर बरेचदा या खाड्यात असते.

दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. भाकऱ्या थापायच्या, त्या बांधून घ्यायच्या आणि अंधारातच फडात जायचे. बाप ऊस तोडतो, आई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहनापर्यंत नेते. वाहन रात्री आले, तर भरणी रात्री. अंगावर पिणारे मूल फडात नेले जाते आणि वाढ्यांच्या सावलीत किंवा गाडीखालच्या झोळीत ठेवले जाते. त्यापेक्षा मोठे मूल कोपीत राहते, बहिणीच्या भरवशावर. ती बहीण आठ-नऊ वर्षांची असते. आम्ही डॉक्टर मंडळी आयांना सांगतो, की सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न सुरू करा, दिवसातून तीन-चार वेळा मऊ, ताजे, थोडे तेल-तूप घालून भरवा. सल्ला अगदी बरोबर आहे. पण दहा-बारा तास फडात असणाऱ्या बाईने तो पाळायचा कसा, हे आमच्या कुठल्या भित्तिपत्रकावर लिहिलेले नसते.

कुपोषण म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाट येतो, पालघर येते. साखरेच्या पोत्यांनी गोदामे भरलेल्या या मुलखात ते असेल, असे मनातही येत नाही. इथल्या कोप्यांमध्ये दंडाचा घेर मोजायची पट्टी घेऊन फिरले, की ते दिसते. ती पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली तांबडी होते. ते तांबडे टोक मी ज्या शिवारांत पाहिले, ती राज्यातली सर्वांत सधन शिवारे होती.

एका कुपीची गोष्ट

दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी माझ्या पदरची एक चूक सांगायला हवी. नोकरीची पहिलीच काही वर्षे होती. गोवराची लस पाच डोसांच्या कुपीत येते. कुपीत पाणी मिसळले, की चार तासांत ती वापरावी लागते. उरली तर फेकून द्यायची. लस वाया जाता कामा नये, अशी सक्त ताकीद आम्हांला असे आणि महिन्याच्या बैठकीत त्याचा हिशेब मागितला जाई. एका दुपारी टोळीतली एक बाई वर्षाच्या मुलीला घेऊन आली. त्या दिवशीचे सत्र संपले होते आणि दुसरे मूल नव्हते. एकीसाठी कुपी कशी फोडायची? “पुढच्या बुधवारी ये,” असे मी तिला सांगितले. शिवाय आमचे उद्दिष्ट ठरे ते गावाच्या लोकसंख्येवर. ही मुलगी त्या लोकसंख्येत नव्हती. तिला लस दिली काय अन् न दिली काय, आमच्या तक्त्यातला आकडा तेवढाच राहणार होता.

पुढच्या बुधवारपर्यंत तिथला फड संपला आणि टोळी दुसऱ्या गावी गेली. पाच-सहा आठवड्यांनी त्याच मुलीला घेऊन तिचा बाप रात्री आला. अंगभर गोवर, छातीत कफ भरलेला, श्वास धापत होता. आम्ही तिला गाडी करून मोठ्या रुग्णालयात पाठवले. ती वाटेतच गेली.

त्या रात्री कोणी नियम मोडला नव्हता. परिचारिकेने नाही, मी नाही, वरच्या अधिकाऱ्यांनी नाही. सर्वांनी नियम पाळला होता, म्हणूनच ती मुलगी लशीवाचून राहिली. पुढे या बाबतीतल्या सूचना बदलल्या. एकाच मुलासाठी आलात तरी कुपी उघडा, असे सांगितले जाऊ लागले. सूचनेतल्या त्या एका ओळीने किती मुले वाचली असतील, हे कोणाला कळणार नाही. धोरण म्हटले, की आपल्याला मंत्रालय, अंदाजपत्रक, विधिमंडळातली भाषणे आठवतात. मला ती कुपी आठवते.

कायद्याला मूल कुठे दिसते?

आपल्याकडे कायदे नाहीत, असे मुळीच नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाडी आली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्न द्या, असा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा वर्षांखालच्या मुलाचा आहार हा त्याचा हक्क ठरवला. त्याहून महत्त्वाचा आणि कमी ठाऊक असलेला आदेश १३ डिसेंबर २००६ चा आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. कारखान्याच्या तळावर चाळीस मुले सहज भरतात. पण मागणी करायची कोणी? पहाटे तीनला उठणाऱ्या बाईने? आणि तीन महिन्यांनी अंगणवाडी मिळाली, तर तोवर निम्मा हंगाम सरलेला असतो. आदेश न्याय्य आहे. त्याच्या डोळ्यांसमोरची वस्ती मात्र एका जागी राहणारी आहे.

कामगार कायद्यांचे तसेच. १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरावीक संख्येहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीत ही मर्यादा तीस स्त्रियांवर आणली. परंतु ऊस तोडणारी बाई कारखान्याची कामगार समजली जात नाही, ती मुकादमाची. १९७९ मध्ये स्थलांतरित मजुरांसाठी कायदा झाला, तो आंतरराज्य स्थलांतरासाठी. बीडची बाई सीमा ओलांडून बेळगावकडच्या कारखान्याला गेली, तर तिला तो लागू व्हायचा. सांगलीला आली तर नाही. तिचे मूल दोन्हीकडे सारख्याच थंडीत झोपायचे.

याउलट एक उदाहरण आपल्याच मातीतले आहे. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. मागेल त्याला काम, ही रोजगार हमीची कल्पना त्यांची. १९६५ मध्ये तिचा पहिला प्रयोग त्यांच्याच तासगाव तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. याच वाटेने पुढे २००५ चा केंद्राचा कायदा आला. त्यात एक छोटीशी तरतूद होती : कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी त्यांच्यातल्याच एका बाईला नेमावे आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यावी. तिची अंमलबजावणी किती झाली, हा निराळा प्रश्न. पण खडी फोडणाऱ्या बाईबरोबर मूलही असते, हे त्या कायदा लिहिणाऱ्याला दिसले होते. ऊस तोडणाऱ्या बाईच्या बाबतीत ते अजून कोणाला दिसायचे आहे.

शाळा कुठे असावी?

सहा वर्षांवरच्या मुलांबाबत शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर काही स्वयंसेवी संस्थांनी आणि कारखान्यांनी साखरशाळा चालवल्या. तळावरच एक छप्पर, एक शिक्षक, कोप्यांतली मुले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक मुलाला रीतसर शाळाच मिळाली पाहिजे, या भूमिकेतून साखरशाळा मागे पडल्या आणि मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घालावे, असे ठरले. तत्त्व उत्तम आहे. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असे त्याच कायद्यात लिहिलेले आहे. पण फडापासून शाळा लांब, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, वर्गात सगळी अनोळखी मुले आणि घरी तान्हे भावंड. मुलगी शाळेत गेली तर त्याला कोण पाहणार?

दुसरा मार्ग, मुलांना गावीच ठेवण्याचा. त्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली : ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहे. ही दिशा मला योग्य वाटते. वसतिगृहाने काय घडते, हे सातारकरांना निराळे सांगायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते, अशी हजारो घरे त्या एका कल्पनेने शिकली. आज कारखान्यांच्या संचालक मंडळांवर बसलेल्या कितीतरी जणांच्या वडिलांनी वा आजोबांनी रयतेच्या वसतिगृहातली भाकरी खाल्लेली असेल.

तरीही वसतिगृह हे अर्धेच उत्तर आहे. दोन वर्षांचे मूल वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईबरोबर येणारच. आणि त्याला सांभाळायला म्हणून दहा वर्षांची बहीणही येणार. म्हणजे लहानग्याच्या पाळणाघराचा प्रश्न सुटल्याशिवाय थोरलीच्या शाळेचा सुटत नाही. आपल्याकडे मात्र पाळणाघर एका खात्याकडे, शाळा दुसऱ्या, लस तिसऱ्या आणि ऊसतोड मजुरांचे महामंडळ चौथ्या. चौघांच्या फायली चार टेबलांवर आणि मूल एकाच कोपीत.

त्या बहिणीचे पुढे काय होते, तेही सांगितले पाहिजे. ती तेरा-चौदा वर्षांची झाली, की आई-बापाला दुहेरी घोर. तिला गावी एकटी ठेववत नाही आणि कोपीला दार नसते. शिवाय लग्न झाले, की नवा कोयता तयार होतो आणि त्याला स्वतंत्र उचल मिळते. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. त्याच्या विरुद्ध बाजूला हा हिशेब उभा आहे. सतरा वर्षांची आई, अडीच किलोंच्या आतले बाळ, पुन्हा फड, पुन्हा झोळी. कुपोषणाचे चक्र म्हणतात ते असे फिरते.

जे जमले, ते कसे जमले?

हे सारे आवाक्याबाहेरचे आहे, असे कोणी म्हणाले, की मी पोलिओचे उदाहरण देते. १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. आम्ही पेट्या घेऊन एसटी स्थानकांवर उभे राहिलो, वीटभट्ट्यांवर गेलो, कारखान्यांच्या तळांवर गेलो. कोपी न् कोपी मोजली. मूल कुठले, नाव कोणत्या वहीत, शिधापत्रिका आहे का, असे कोणी विचारले नाही. मूल पाच वर्षांखालचे आहे ना? मग तोंडात दोन थेंब आणि बोटाला शाई. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. माणसे तीच, पगार तेच, खातेही तेच. फरक एवढाच, की त्या दिवशी धोरण पत्त्याला नव्हे, मुलाला शोधत होते.

दुसरे उदाहरण राजमाता जिजाऊ मिशनचे. २००५ मध्ये सुरू झालेल्या या मिशनने पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. सेविकांच्या आणि परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरणे, मुलांची वजने खरी घेणे, खात्यांना एकत्र बसवणे, अशी साधी कामे केली. २००५-०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ३९ टक्के खुरटलेली होती. २०१२ च्या पाहणीत हे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास आले. मात्र असे यश एकदा मिळवून तिजोरीत ठेवता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये खुरटलेल्यांचे प्रमाण ३५.२ टक्के होते. दोन पाहण्यांतले वयोगट निराळे आहेत, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येणार नाही. पण दर तीन मुलांमागे एक, हे काही समाधानाचे चित्र नव्हे.

आणि तिसरे, शिधापत्रिकेचे. २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजनेमुळे बीडचे कार्ड सांगलीच्या दुकानात चालते. अडचणी आहेत, यंत्रावर अंगठा उमटत नाही, दुकानदार साठा नाही म्हणतो. पण धान्य माणसामागे जाऊ शकते, हे तत्त्व मान्य झाले. गहू-तांदूळ जिल्ह्याची हद्द ओलांडू शकतात, तर लशीची नोंद, अंगणवाडीचा आहार आणि चौथीचा पट का ओलांडू शकत नाही?

अडचणींची दुसरी बाजू

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. अंगणवाडी सेविका म्हणते, “माझ्याकडे गावातल्या पोरांपुरताच आहार येतो. कोप्यांतली वीस पोरं वाढली, तर मी कुणाच्या ताटातलं काढू?” तिचे म्हणणे खोटे नाही. पोषण ट्रॅकरवर मुलाची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीत नेण्याची सोय आहे, राज्यानेही स्थलांतरितांचा माग ठेवणारी व्यवस्था सुरू केली. पण नोंद हलली तरी त्यामागून आहार हलायला वेळ लागतो आणि टोळी तेवढी थांबत नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. ऊसकरी शेतकरी म्हणतो, माझेच बिल थकले आहे, आणखी बोजा नको. पुढारी म्हणतात, आता तोडणी यंत्रे येत आहेत, प्रश्न आपोआप सुटेल. यंत्राने मजुरांचे काम जाईल. मुलांची भूक त्याच्याबरोबर जाईल, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

माझे मागणे फार मोठे नाही. कोणत्या टोळीत किती कोयते, हे कारखान्याच्या शेती खात्याला तंतोतंत ठाऊक असते, कारण त्यावर लाखो रुपयांची उचल दिलेली असते. त्याच यादीत मुलांसाठी एक रकाना वाढवावा : सहा महिन्यांखालची किती, सहा वर्षांखालची किती, शाळेच्या वयाची किती. ही यादी गाळप सुरू होण्याआधी तालुक्याच्या आरोग्य, बालविकास आणि शिक्षण अधिकाऱ्यांच्या हाती पडावी, म्हणजे लस, आहार आणि शिक्षक यांची तजवीज मागणीची वाट न पाहता होईल. तळावर हंगामापुरते पाळणाघर असावे आणि टोळीतल्याच एका बाईला ते चालवण्याची पूर्ण मजुरी मिळावी. पाग्यांच्या वाटेने आलेल्या कायद्यात हे लिहून झालेलेच आहे. आणि साखर आयुक्तालय दर हंगामाला जो गाळप परवाना देते, त्याच्या अटींत हे पाळणाघर यावे. शेतकऱ्यांची एफआरपी थकवल्याबद्दल परवाने अडवले गेले आहेत. उसाच्या पैशासाठी जे हत्यार चालते, ते ऊस तोडणाऱ्याच्या मुलासाठी का चालू नये?

आपण, म्हणजे पांढऱ्या साखरेचा चहा घेत रविवारचा अंक वाचणारी माणसे, यातून सुटत नाही. तळ आपल्या गावाच्या कडेलाच असतो. तिथल्या मुलाला शाळेत आणून बसवायला शासनाचा आदेश लागत नाही, आणि बसवल्यावर त्याला वर्गाने सामावून घ्यावे, यालाही लागत नाही.

त्या डिसेंबरातल्या सकाळी पोराचा ताप साधा होता, लस देता येत होती. मी सिस्टरांना कुपी फोडायला सांगितले. दुसरे मूल नव्हते, तरी. कार्डावरचे कोरे घर भरले. ती मुलगी टेबलाशी उभी राहून माझ्या हाताकडे पाहत होती. “आमचं नाव हितं लिवलं का?” तिने विचारले. लिहिले, म्हणून मी सांगितले. ते खरे होते. आमच्या नोंदवहीची पुढची पाने गावातल्या मुलांसाठी होती. अगदी शेवटच्या पानावर ‘बाहेरचे’ असा मथळा होता, त्याखाली मी ते लिहिले. त्या पानावर आधीची बरीच नावे होती. त्यांच्यासमोरचा पुढच्या भेटीचा रकाना एकजात रिकामा होता.